सगळेच भिडू

पत्त्यांचा किंवा पटाचा डाव मांडला की माणसे कशी बसतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. स्पर्धेच्या डावात पाठ थोडी मागे रेललेली असते, पाने छातीशी धरलेली असतात, नजर हातातल्या पानांवरून समोरच्याच्या चेहऱ्याकडे आणि तिथून परत पानांकडे फिरत राहते, आणि शेजारचा जरा जास्तच कलला तर पाने आपसूक उपडी होतात. गेल्या काही दशकांत मुख्यतः युरोप-अमेरिकेत वाढलेल्या आणि आता मुंबई-पुण्यातल्या घरांतही शिरलेल्या एका खेळप्रकारात मात्र ही बैठक पालटलेली दिसते. तिथे सगळेच पुढे वाकलेले असतात, पाने बहुधा टेबलावर उघडीच पसरलेली असतात, आणि चौघांची बोटे पटावरच्या एकाच ठिपक्याकडे रोखलेली असतात. या खेळांना सहकारी पटखेळ म्हणतात. त्यांत खेळणारे सगळे एकाच पक्षात असतात, जिंकले तर सगळे मिळून जिंकतात आणि हरले तर एकालाही बाजूला राहता येत नाही. समोरचा पक्ष म्हणजे खुद्द पट. नियम, फासे आणि पिसलेली पाने यांच्या जोरावर तो आपली पाळी आली की चाल करतो, आणि त्याच्याशी घासाघीस करण्याची किंवा त्याला दया येण्याची सोय नसते.

या प्रकारातला आज सर्वांत परिचित खेळ म्हणजे मॅट लीकॉक या अमेरिकी रचनाकाराचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला ‘पॅन्डेमिक’. त्याचा पट जगाच्या नकाशाचा आहे. त्यावर ४८ शहरे, शहरांना जोडणाऱ्या रेषा, आणि चार रंगांचे चार रोग. रोग दाखवायला छोटे चौकोनी ठोकळे असतात, प्रत्येक रंगाचे २४. दोन ते चार खेळाडू अटलांटा शहरातून निघतात. कोणाच्या वाट्याला वैद्याची भूमिका येते, कोणाच्या शास्त्रज्ञाची, कोणाच्या संशोधकाची, आणि प्रत्येक भूमिकेला इतरांना नसलेली एखादी सवलत असते. आपल्या पाळीत प्रत्येकाला चार कृती करता येतात, म्हणजे एका शहरातून दुसऱ्यात जाणे, एखादा ठोकळा उचलणे, संशोधन केंद्र उभारणे किंवा भिडूला पान देणे. एकाच रंगाची पाच पाने जमवून केंद्र गाठले की त्या रोगावर इलाज सापडतो, आणि चारही इलाज सापडले की डाव जिंकला. हरण्याच्या वाटा मात्र तीन आहेत. उद्रेकांची संख्या आठवर गेली, एखाद्या रंगाचे ठोकळे संपले किंवा खेळाडूंनी ओढायची पाने संपली, तर डाव तिथेच आटोपतो. जिंकण्याची वाट एक आणि हरण्याच्या अनेक, ही विषमता सहकारी खेळांत पुष्कळ ठिकाणी आढळते, कारण विचार करू शकणाऱ्या चार माणसांसमोर विचार न करणारा पुठ्ठा उभा करायचा, तर त्याला एवढे झुकते माप द्यावेच लागते.

मराठी खेळाडूची नजर पटावर पहिल्यांदा जिथे जाते ती मुंबई काळ्या रोगाच्या प्रदेशात आहे, आणि तिच्यापासून निघालेल्या रेषा कराची, दिल्ली आणि चेन्नई यांना मिळतात. दिल्लीच्या वाट्याला तर पाच रेषा आल्या आहेत: तेहरान, कराची, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता. नियम असा की एका शहरात एका रंगाचे तीनच ठोकळे राहतात. चौथा ठेवायची वेळ आली की उद्रेक झाला असे मानून तो तिथे न ठेवता त्या शहराला जोडलेल्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा ठेवायचा, आणि त्यांतल्या एखाद्या शहरात आधीच तीन साठलेले असतील तर तिथूनही उद्रेक पुढे सरकवायचा. दिल्लीत तीन आणि मुंबईत तीन काळे ठोकळे बसलेले असताना रोग पुढे कोणत्या शहरात वाढणार हे ठरवणाऱ्या संसर्गाच्या गठ्ठ्यातले पान उलटण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो पान उलटण्याआधी क्षणभर त्यावर हात ठेवून थांबतो, आणि तेवढ्यापुरते बाकीचेही गप्प होतात. रियाध निघाले तर सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. दिल्ली निघाली तर एका पानाने सहा शहरांचा हिशेब बिघडतो.

लीकॉक यांच्या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट मात्र ठोकळ्यांत नसून गठ्ठा पिसण्याच्या पद्धतीत आहे. अधूनमधून ‘साथ’ असे लिहिलेले पान निघते. तेव्हा आतापर्यंत उलटून बाजूला पडलेली शहरांची पाने गोळा करून पिसायची आणि उरलेल्या गठ्ठ्याच्या तळाशी न घालता वर ठेवायची. परिणामी ज्या शहरांना रोगाने एकदा गाठले तीच शहरे पुन्हा पुन्हा वर येतात, आणि जी सुटली ती बराच वेळ सुटलेलीच राहतात. पत्त्यांच्या बहुतेक खेळांत पाने पिसली की मागचे सगळे पुसले जाते, पण इथे पिसण्यानेच पटाला मागचे आठवते. मार्च २०२० मध्ये, खरी साथ जगभर पसरत असताना, लीकॉक यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या खेळाचा आणि प्रत्यक्षातल्या सहकार्याचा संबंध जोडून दाखवला. तो संबंध ओढून आणलेला नव्हता, तरी तो फार ताणण्यातही अर्थ नाही. ठोकळा उचलून डब्यात टाकण्याला चार कृतींपैकी एक कृती खर्च होते, आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्रभर रांगेत उभे राहण्याला काय खर्च होते हे २०२१च्या उन्हाळ्यानंतर या देशात कोणाला सांगावे लागत नाही. एक मात्र खरे की संसर्ग, विलगीकरण, साखळी तोडणे हे शब्द आता या पटाभोवती उच्चारले जातात तेव्हा ते नियमांच्या पुस्तिकेतून आल्यासारखे वाटत नाहीत.

पुठ्ठ्याच्या तुकड्याविरुद्ध पाऊण तास झुंजून मिळते काय, असा प्रश्न या खेळांकडे पाहून अनेकांना पडतो, आणि तो अगदीच गैरलागू नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ या १९७८च्या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा की अनावश्यक अडथळे स्वखुशीने ओढवून घेऊन ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. या व्याख्येत प्रतिस्पर्ध्याला जागाच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसऱ्याला हरवणे हा अडथळ्याचा एक प्रकार झाला. खेळाला अडथळा पुरतो, आणि तो माणसाच्या रूपाने यावा असे बंधन नाही. सूट्स कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वॉटर्लू विद्यापीठात शिकवत असत, आणि त्याच प्रांतात पर्थ गावच्या परिसरात, विद्यापीठाच्या वाऱ्यालाही उभे न राहता, सहकारी खेळांचा एक घरगुती कारखाना चालू होता, हा केवळ योगायोग असला तरी गमतीचा आहे.

हा कारखाना म्हणजे जिम आणि रूथ डीकोव्ह या दांपत्याने १९७२ साली सुरू केलेली ‘फॅमिली पास्टाइम्स’. आपल्या मुलींसाठी खेळ बनवता बनवता त्यांनी हार-जीत वगळलेल्या खेळांचाच ध्यास घेतला. त्यांच्या ‘मॅक्स’ नावाच्या खेळात मॅक्स हा बोका आहे आणि उंदीर, पक्षी व खार अशा तीन लहान जीवांना त्याच्या तावडीतून सुखरूप घरी पोहोचवायचे आहे. बोका फार जवळ आला तर खाऊ दाखवून त्याला परत दाराशी बोलावता येते, पण खाऊ मोजकाच असतो. यातला बोका दुष्ट नाही. तो बोक्यासारखा वागतो एवढेच, आणि त्याला राग न धरता थोपवून धरायचे असते. सहकारी खेळांतला शत्रू पुढच्या काळात रोग, वणवा, पूर, राक्षस अशी अधिकाधिक भयंकर रूपे घेत गेला. त्यांच्या शेजारी हा भुकेला मॅक्स फारच सभ्य वाटतो.

हार-जीत वगळण्याचा विचार त्याहून जुना आहे, आणि त्याचा एक धागा चमत्कारिकरीत्या ‘नवा व्यापार’पर्यंत येऊन पोहोचतो. जागा विकत घेणे, भाडे वसूल करणे आणि शेवटी घरातल्याच माणसांना दिवाळखोर करून रडवणे हा उन्हाळ्याच्या सुटीतला कार्यक्रम महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी अनुभवला आहे. त्या खेळाचे मूळ घराणे ‘मोनोपॉली’चे, आणि ‘मोनोपॉली’चे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकी स्त्रीने १९०४ साली पेटंट घेतलेल्या ‘लँडलॉर्ड्‌स गेम’मध्ये. जमीनदारी कशी मूठभरांना श्रीमंत आणि बाकीच्यांना कंगाल करते हे दाखवण्यासाठी मॅगी यांनी तो रचला होता, आणि त्याला दोन प्रकारचे नियम होते: एका प्रकारात एकाच्या हाती सगळे एकवटे, तर दुसऱ्यात संपत्ती वाढली की तिचा वाटा सर्वांना मिळे. जगाने पहिला प्रकार उचलला, आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने ‘मोनोपॉली’ बाजारात आणल्यावर दुसरा बहुतेकांच्या विस्मरणात गेला. माणसांना दुसऱ्याचे दिवाळे पाहण्यातच रस असतो, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे. पण वाटून घेण्याचे नियम खेळ म्हणून पुरेसे चुरशीचे नसावेत, हे कारणही तितकेच संभवनीय आहे. चांगुलपणा हा काही आपोआप चांगला डाव होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न लवकर सुटला. जर्मनीतल्या ‘हाबा’ या लाकडी खेळण्यांच्या कंपनीने १९८६ साली ॲनेलीझे फार्काशोव्स्की यांचा ‘ओब्स्टगार्टन’, म्हणजे फळबाग, हा खेळ काढला. चार झाडे, त्यांवर लाकडी फळे, आणि बागेच्या मधोमध नऊ तुकड्यांनी पूर्ण होणारे डोमकावळ्याचे चित्र. फाशावर रंग पडला तर त्या झाडाचे एक फळ टोपलीत टाकायचे, टोपली पडली तर हवी ती दोन फळे उचलायची, आणि कावळा पडला तर चित्राचा एक तुकडा लावायचा. कावळा पुरा होण्याआधी सगळी फळे उतरली तर बाग मुलांची, नाहीतर कावळ्याची. निर्णय असा टोपली पडेल तेव्हाच घ्यायचा, आणि तोही चार वर्षांच्या मुलाला झेपेल एवढाच. तरी मोठ्यांच्या दृष्टीने यात एक मोठीच सुटका आहे. लहान मुलाशी खेळताना मोठ्या माणसाला मुद्दाम हरावे लागते. सोंगटी चुकीच्या घरात ठेवणे, दान मोजताना घोटाळा करणे, “अरे, माझ्या लक्षातच नाही आलं” असे म्हणणे, ही आजोबांची सगळी कारस्थाने मुलाला एका वयापर्यंत दिसत नाहीत आणि एका वयानंतर चांगलीच दिसू लागतात, मग ते मूल आजोबांच्या समाधानासाठी फसल्याचे नाटक करते. मराठी अंगणातल्या खेळांत यावर लिंबूटिंबूची तोड आहे. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, तो खेळात असतो आणि नसतोही. पण आपण लिंबूटिंबू आहोत हे कळण्याच्या दिवशी त्या मुलाला जो अपमान वाटतो तो विसरला जात नाही. फळबागेत कोणी लिंबूटिंबू नाही. फासा आजोबांच्या हातून पडला काय आणि नातीच्या हातून पडला काय, कावळ्याला सारखेच.

मोठ्यांच्या खेळात मात्र सहकार्य इतके सरळ चालत नाही, जरी भिडूपण या भूमीला नवे नाही. सारीपाटात आणि पचिसीत समोरासमोरचे दोघे भिडू असतात आणि दोघांच्याही सोंगट्या घरी गेल्याशिवाय जोडी जिंकत नाही, म्हणून पुढे गेलेला खेळाडू स्वतःची सोंगटी घाईने घरी न नेता पटावर मागे ठेवतो आणि भिडूच्या वाटेतली परक्याची सोंगटी मारण्याची संधी शोधतो. मेंढीकोटात तर चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, आपल्या जोडीकडे आणण्यासाठी भिडूच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधण्यातच अर्धा खेळ असतो, आणि अंदाज कमी पडला की खाणाखुणा सुरू होतात. बदामासाठी छातीला हात लावणे, हुकूम असेल तर खाकरणे, हे प्रकार उघडपणे निषिद्ध आणि आतून सर्वमान्य असतात. पण या सगळ्या भिडूपणाला समोरच्या जोडीचा आधार असतो. दोघांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम समोरचे दोघे करतात. ते दोघेही याच बाजूला आले तर काय, हा सहकारी पटखेळांपुढचा प्रश्न आहे. २००० साली राइनर क्निझिया यांनी टॉल्किनच्या कादंबरीवर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा सहकारी खेळ रचला, तेव्हा अंधाराकडे जाणाऱ्या एका रेषेवर एकीकडून खेळाडूंचे हॉबिट आणि दुसरीकडून त्यांचा शत्रू सॉरॉन सरकवत त्यांनी या प्रश्नाला एक उत्तर दिले: अंगठी ज्याच्यापाशी आहे तो सॉरॉनला जाऊन भिडला तर सगळेच बुडतात, म्हणून त्याला वाचवण्यासाठी इतरांना स्वतः त्या रेषेवर पुढे सरकण्याची तयारी ठेवावी लागते.

शत्रू टेबलावरून उठून पटात गेला की टेबलाभोवती उरतात ती घरचीच माणसे, आणि मग त्यांचे जे नेहमीचे असते तेच सुरू होते. घरात एक काका असतात. नियमांची पुस्तिका त्यांनी वाचलेली असते, खोकाही बहुधा त्यांनीच आणलेला असतो, आणि पटाकडे पाहताच पुढच्या तीन पाळ्या त्यांना दिसतात. पहिल्या फेरीत ते सुचवतात, दुसऱ्या फेरीत सांगतात, तिसऱ्या फेरीत “तू असं कर, दिल्लीला जा, दोन ठोकळे उचल आणि पान माझ्यासाठी ठेव, पुढचं मी बघतो” असे म्हणून भाचीची सोंगटी स्वतःच उचलून ठेवतात. पटखेळांच्या जगात अशा खेळाडूला ‘अल्फा प्लेअर’ म्हणतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकटाच खेळणारा, आणि सहकारी खेळांवर घेतला जाणारा सर्वांत जुना आक्षेप तोच आहे. पाने उघडी, उद्दिष्ट एक, आणि सर्वांना सर्व काही दिसत असेल, तर ज्याला सर्वांत चांगले दिसते त्याचेच ऐकणे शहाणपणाचे ठरते. मग उरलेले तिघे सोंगट्या हलवणारे हात तेवढे राहतात. यातली खरी अडचण काका हेकेखोर असण्याची नाही. काकांचे बहुतेक वेळा बरोबर असते, ही आहे. चुकीचा सल्ला झिडकारता येतो, पण बरोबर सल्ल्याला नाही म्हणायला मन धजत नाही, आणि म्हटले तर सगळ्यांचा डाव बुडवल्याचे पाप माथी येते.

सगळा दोष काकांवर टाकणेही बरोबर नाही. स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन टेबलाशी बसलेली मावशी “मला काही कळत नाही, तुम्ही सांगा, मी ठेवते” असे म्हणते, तेव्हा त्यात अज्ञान थोडे आणि सवय अधिक असते. ठरवायचे कोणी आणि करायचे कोणी, याची त्या घरातली वाटणी पट मांडण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. स्पर्धेचा डाव अशा वेळी कठोर पण न्यायी असतो, कारण तिथे मावशीची पाने मावशीलाच खेळावी लागतात, आणि एखाद्या रविवारी ती सगळ्यांना झब्बू देऊन मोकळी होते. सहकारी डावात तिला कोणी हरवत नाही खरे, पण तिला कोणी खेळूही देत नाही. एकोप्याच्या नावाखाली एकाची मर्जी चालण्याचा अनुभव ज्या समाजाला एकत्र कुटुंबापासून गृहनिर्माण संस्थेच्या सभेपर्यंत सर्वत्र आहे, त्याने या खेळांकडे केवळ भाबड्या कौतुकाने पाहू नये.

याचा परिणाम असा झाला की गेल्या पंधरा-वीस वर्षांतली या खेळांची कल्पकता पटाला अधिक बलवान करण्यापेक्षा सल्ल्याला आवर घालण्याकडे वळली. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा ‘हानाबी’ हा २०१० सालचा पत्त्यांचा छोटा खेळ यातला सर्वांत सुंदर नमुना मानावा लागेल. त्यात पाने उलटी धरायची असतात. पाठ स्वतःकडे, चेहरा इतरांकडे. स्वतःची पाने सोडून सर्वांना सर्वांची पाने दिसतात. पाच रंगांची ५० पाने, आणि प्रत्येक रंगात एकपासून पाचपर्यंत क्रमाने लावून आतषबाजी पुरी करायची. भिडूला खूण द्यायची ती रंगाची किंवा आकड्याची, म्हणजे “ही दोन लाल आहेत” किंवा “हा एक तिर्री आहे” इतकीच, आणि अशा खुणांचा साठा आठ चकत्यांपुरता. प्रत्येक रंगात पाचाचे पान एकुलते एक असते. ते जिच्या हातात आहे तिला ते दिसत नाही आणि बाकी सगळ्यांना लख्ख दिसते. ती तेच पान टाकून देण्यासाठी चिमटीत धरते, चकत्या संपलेल्या असतात, आणि तिघेजण तोंड मिटून, भुवया शक्य तितक्या स्थिर ठेवून छताकडे पाहतात. नियमाने छताकडे पाहण्याला बंदी नाही, पण तेही बोलण्यातच जमा होते हे प्रामाणिक खेळाडूला ठाऊक असते. काकांना इतरांचे सर्व दिसत असूनही काही सांगता येत नाही, आणि स्वतःच्या पानांविषयी तर त्यांना मावशीवरच अवलंबून राहावे लागते. जर्मनीत दरवर्षी दिला जाणारा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षाचा खेळ, हा मानाचा पुरस्कार २०१३ साली ‘हानाबी’ला मिळाला.

मेंढीकोटातल्या खाणाखुणांना टोमास झिंग या जर्मन रचनाकाराने २०१९ साली ‘द क्रू’ या खेळात चक्क नियमांत बसवले. हाही हात करण्याचा, हुकूम असलेला खेळ आहे, पण कोणता हात कोणी करायचा हे आधी ठरलेले असते आणि ते साधण्यासाठी सर्वांनी मिळून खेळायचे असते. बोलायचे नाही. फक्त एकदाच एक पान समोर उघडे ठेवून, ते त्या रंगातले आपले सर्वांत मोठे, सर्वांत लहान किंवा एकमेव आहे एवढे एका चकतीने दाखवायचे. चोरून खाकरण्याला इथे अधिकृत दर्जा मिळाला, पण एका डावात एकदाच. वोल्फगांग वार्श यांच्या ‘द माइंड’मध्ये तर खूणही नाही; १ ते १०० आकड्यांची पाने चढत्या क्रमाने एकमेकांशी न बोलता टाकायची, आणि कोण किती वेळ थांबतो तेवढ्यावरून त्याच्या हातात काय असेल ते ओळखायचे. काही खेळांनी घड्याळ लावून सर्वांना एकाच वेळी इतके घाईत टाकले की दुसऱ्याकडे लक्ष द्यायला काकांना उसंतच मिळू नये.

आणखी एक उपाय फितुराचा. ‘शॅडोज ओव्हर कॅमेलॉट’ या २००५च्या खेळात राजा आर्थरच्या सरदारांपैकी एखादा गुप्तपणे शत्रूला सामील असू शकतो, आणि तो आहे की नाही हेही कोणाला ठाऊक नसते. सल्ला देणाऱ्यावर विश्वासच उरत नाही म्हटल्यावर सल्ल्याचा जाच आपोआप संपतो. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडल्याच्या कथांवर वाढलेल्या मराठी माणसाला हा प्रकार चटकन रुचतो, आणि डाव रंगतोही. पण रोगापेक्षा औषध जहाल असा हा मामला आहे. काकांच्या हुकमतीतून सुटण्यासाठी सगळ्या टेबलाने एकमेकांकडे संशयाने पाहायचे, तर मग साधा झब्बू काय वाईट होता?

हरण्याची रीतही या खेळांत निराळी आहे. स्पर्धेत हरलेला उठून पाणी प्यायला जातो आणि जिंकलेला पाने गोळा करतो. सहकारी डाव हरल्यावर मात्र कोणी लगेच उठत नाही, कारण हरवणारा समोर नसल्यामुळे हार कोणाच्या नावावर मांडायची हे ठरायचे असते. पहिले खापर शेवटचे पान उलटणाऱ्यावर फुटते, जरी त्याचा दोष पान उलटण्यापलीकडे काही नसतो. मग डाव उलटा वाचत नेला जातो: तेव्हा चेन्नईऐवजी बगदादला गेलो असतो तर, केंद्र कैरोत न बांधता इस्तंबूलला बांधले असते तर. ही चर्चा पुष्कळदा डावाहून लांबते आणि डावाहून रंगते, आणि तिच्यात मावशीही बोलते, कारण झालेल्या गोष्टीविषयी मत द्यायला नियम माहीत असण्याची अट नसते. तिसऱ्या फेरीत आपल्या मनात वेगळेच होते, पण बोलले नाही, हे तिने सांगितले की काका पटाकडे पुन्हा निरखून पाहतात, आणि तिचे बरोबर होते असे त्यांना दिसलेच तर खोलीत एक विलक्षण अवघडलेपण येते.

गेल्या काही वर्षांत हा प्रकार कडेचा राहिलेला नाही. वर्षाच्या खेळाचा जर्मन पुरस्कार २०२३, २०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या तीन वर्षांत सहकारी खेळांनाच मिळाला. त्यांतला २०२४चा ‘स्काय टीम’ दोघांचाच आहे. वैमानिक आणि सहवैमानिक मिळून विमान उतरवतात, फासे टाकण्यापूर्वी हवे तेवढे बोलून घेतात, आणि फासे पडल्यावर एक शब्दही बोलत नाहीत. दोघांच्या संसारात या नियमाची उपयुक्तता खेळाबाहेरही असावी, असे कोणी म्हटले तर त्यावर हसण्यापलीकडे काय करणार!

या सगळ्या खेळांची एक निराळी विभागणीही संभवते, आणि ती खोक्याच्या कोपऱ्यात छापलेल्या खेळाडूंच्या संख्येवरून सहज करता येते. काही खोक्यांवर किमान संख्या एक असते. आर. एरिक रॉइस यांचा ‘स्पिरिट आयलंड’ हा २०१७चा खेळ, ज्यात खेळाडू एका बेटाची दैवते होऊन बाहेरून आलेल्या वसाहतवाद्यांना पिटाळतात, एकट्यानेही खेळता येतो, आणि तसा आवडीने खेळला जातो. ‘पॅन्डेमिक’च्या खोक्यावर दोन ते चार असे लिहिलेले असले तरी एकट्याने चारही भूमिका चालवायला त्याचा पट काही हरकत घेत नाही. ‘हानाबी’ मात्र एकट्याने मांडताच येत नाही. पाने उलटी धरली तर ती पाहणारे कोणी हवे. म्हणजे काही सहकारी खेळांत इतर माणसे सोबतीला असतात आणि काहींत ती गरजेची असतात, आणि ज्यांत ती गरजेची नाहीत त्याच खेळांत काका मोकाट सुटतात. हिशेबाने पाहता घरोघरी दुसऱ्या जातीचे खेळ जास्त चालायला हवेत. प्रत्यक्षात ‘हानाबी’चे दोन डाव झाले की बोलता येत नसल्याने माणसे चुळबुळू लागतात, कोणीतरी “तो नकाशावाला काढा” म्हणते, आणि मधोमध पुन्हा जगाचा नकाशा पसरला जातो. काका सगळ्यांच्या चाली सांगू लागतात, सगळे त्यांच्यावर वैतागतात. आणि काका एखाद्या रविवारी गावाला गेलेले असले, तर दिल्ली कोणी सांभाळायची यावर उरलेल्या तिघांचे पाऊण तासात एकमत होत नाही.